चिठ्ठीत न निघालेलं गाव

सोळा गावांच्या चिठ्ठ्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.
तलाठ्याच्या धाकटीनं डोळे मिटून आठ काढल्या.
त्या आठांना मिळणार होती दर बुधवारी एक ताई,
चित्रांचा तक्ता, रागाच्या वेळचे दहा श्वास,
पोराशी नुसतं बोलायची पंधरा मिनिटं.
उरलेल्या आठांना फक्त प्रश्न.
दर तीन महिन्यांनी त्रेचाळीस,
पुढं मराठी, पाठीमागं कन्नड,
आणि उठताना एक स्टीलची वाटी, वेळ दिल्याबद्दल.

निपाणीपल्याडचं, वेदगंगेकाठचं हे गाव
डब्यातच राहिलं.
म्हणजे इथं मी काही द्यायचं नव्हतं.
चहा घ्यायचा, मत द्यायचं नाही.
हसणंसुद्धा बेतानं.

गौरा डोणे सुपात तंबाखू घेऊन बसलेली.
पालकत्व म्हंजी? तिनं विचारलं.
पोरं वाढवणं, मी म्हटलं.
मग तसं लिवा की.
बिरू तिच्या गुडघ्याशी दोऱ्याची रिळं लावत होता.

प्रश्न अकरावा.
गेल्या सात दिवसांत मुलावर हात उचललात का, किती वेळा?
तेंदूपानावरची कात्री न थांबवता ती म्हणाली,
त्येचा कुटं हिशेब.
कट्ट्याला पंचवीस इड्या, तेवडा हिशेब पुरं हाय मला.
मी लिहिलं: रोज.

पावसाळ्यानंतर ती म्हणाली, पाच.
संक्रांतीला, दोन.
उन्हाळ्यात मी पिशवी उघडायच्या आतच,
एकदा. तेबी दुधाचं भगुलं लवंडलं म्हनून. लिव.
मग कात्री खाली ठेवून, जरा चिडूनच:
हात वर जातोय आनि मधीच आटवतंय,
हिला आकडा सांगाय लागतोय.
तक्त्यात याला रकाना नव्हता.
मी पेन्सिलीनं समासात लिहिलं, आणि खोडरबर घरी विसरले.

दोन वर्षांनी टिळकवाडीतल्या खोलीत
पडद्यावर दोन रेघा आल्या.
ताई गेलेली गावं, ताई न गेलेली गावं.
दोन्ही उतरत होत्या,
बाजारातून परतणाऱ्या जावांसारख्या, बरोबरीनं.
फरक आढळला नाही.
देशिंगकर सर चष्मा पुसत म्हणाले, तुझा नियंत्रण गट नासला.
निबंध दोनदा परत आला. पैसे थांबले.
वाट्या मात्र अजून असतील घरोघरी,
कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या पिठाच्या डब्यात.

त्यानंतर मी पुष्कळ काम केलं. हुक्केरी, संकेश्वर, खानापूरचं रान.
खानापूरकडच्या बाया मला बघून म्हणतात,
काय लिवूल्यात गे बाई, सारखं?
अंगणवाडीच्या सेविकांना मी शिकवते,
शहाणपण कमी सांगा. परत जा. विचारा.
विचारलेलं विसरू नका.
वरिष्ठांना हे प्रशिक्षण वाटत नाही,
म्हणून सोबत चित्रांचा तक्ताही देते.

आणि परवा.
रात्री साडेनऊ, उद्या अहवाल द्यायचा,
मधुराची वही सापडत नव्हती,
ती म्हणाली, तुला काय, तुला दुसऱ्यांचीच पोरं,
आणि माझा हात गेला.
आवाज फार मोठा नव्हता.
उद्यमबागेतून रात्रपाळीचा भोंगा ऐकू आला,
इतकी शांतता.

माझ्या घरी तीन महिन्यांनी कुणी येत नाही.
तिची समजूत काढली, म्हणजे ती झोपली.
कोरा तक्ता काढला, अकराव्या प्रश्नापुढं लिहिलं: एक.
ते कुणाला दाखवायचं कळेना.
एकोणीस वर्षांत किती परिषदा, किती नंबर फोनमध्ये.

सकाळी मी गौराला फोन लावला.
बिरू आता गोकाकला गिरणीत आहे, ती सांगत राहिली,
पोरगी बघाय लागलोय त्येला.
मग थांबली. का केलीस गं फोन?
किती, ते सांगायला.
पलीकडं कात्री चालली होती, ती थांबली.
सांग.
एक.
बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज.
बरं, ती म्हणाली.
तीन म्हैन्यानं इचारते.
वाटी मात्र मिळायची न्हाई हां.